मुन्शीदादा, आमचं अजून किती बाकी?

(वालीव येथे युवक-युवतींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आज मला 'दुर्गम डोंगरातलं गाव' या विषयावर बोलायला सांगितलं आहे. मी काही अभ्यासक नाही. वालीवमध्येच वाढलो, इथेच एका गाळ्यात नोकरी करतो. डोंगरातलं गाव मला पहिल्यांदा भेटलं ते आपल्याच भागातल्या वीटभट्टीवर. ते गाव बघायला गेलो खूप नंतर. त्याच क्रमाने सांगतो.

बारावीनंतर दोन हंगाम मी एका भट्टीवर हिशेब लिहायला होतो. अब्बांच्या ओळखीने काम मिळालं होतं. दिवाळी झाली की टेम्पो भरून माणसं यायची. जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडची. वारली, कातकरी, कोकणा, महादेव कोळी. नवरा-बायको, पोरं, कोंबड्या, भांडी, सगळं एकाच टेम्पोत. पेंढ्याचं एक खोपटं उभं राहायचं, त्याला भोंगा म्हणतात. पुढचे सहा-सात महिने तेच घर.

हिशेब असा असायचा. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, तेव्हा शेठचा माणूस पाड्यावर जाऊन उचल देऊन यायचा. भट्टीवर आल्यावर दर आठवड्याला खर्ची. मजुरी हजार विटांमागे. उचल, खर्ची, आजारपणाचं औषध, कामाचे खाडे, हे सगळं मजुरीतून वजा. भट्टी बंद होताना मी वही उघडून बसायचो आणि एकेकाला बाकी सांगायचो. पहाटे तीनला उठून चिखल तुडवणाऱ्या एका जोडप्याला मी सांगितलं होतं, "तुमच्याकडे अठराशे रुपये निघतात. पुढच्या वर्षी फेडा." माझी बेरीज बरोबर होती. त्याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता. त्यांची तीन पोरंही विटा उलटायचं काम करायची. पण त्यांचं नाव वहीत नव्हतं.

पुढे त्या भट्टीच्या जागेवर गाळे उठले. मी विसरलो.

काही वर्षांनी स्थलांतरित मुलांच्या शाळेसाठी काम करणाऱ्या मित्रांबरोबर मोखाडा तालुक्यात गेलो. आपल्या वसई फाट्यावरून मनोर, तिथून विक्रमगड, जव्हार, मग मोखाडा. शंभरेक किलोमीटर. शेवटचा तासभर पायवाट. पाडा म्हणजे पंचवीस-तीस घरं, कुडाच्या भिंती. मे महिना होता.

जुलैमध्ये इथे इतका पाऊस पडतो की समोरचं झाड दिसत नाही. पण जमीन उताराची, खाली काळा पाषाण. पाणी थांबत नाही. मे महिन्यात बाया नाल्याच्या वाळूत खड्डा खणून वाटीवाटीने हंडा भरत होत्या. शेत म्हणजे खाचरात थोडा भात आणि वरकस जमिनीवर नागली, वरई. घरचं धान्य होळीपर्यंतही पुरत नाही. कोणी आजारी पडलं तर चादरीची झोळी करून बांबूला बांधायची आणि दोघांनी खांद्यावर घेऊन रस्ता गाठायचा. पावसात नाला भरला की तेही नाही.

१९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी भागात शंभराहून जास्त बालकं कुपोषणाने आणि आजाराने गेली, तेव्हा महाराष्ट्राला या डोंगरांची आठवण झाली. योजना आल्या. २०१५ मध्ये गरोदर आणि स्तनदा मातांसाठी अब्दुल कलामांच्या नावाने अमृत आहार योजना आली, अंगणवाडीत एक वेळचं पूर्ण जेवण. चांगली योजना आहे. पण बाई पोटुशी असताना भट्टीवर आली की ते ताट गावातच राहतं. अंत्योदय कार्डावरचं ३५ किलो धान्यही गावातच राहतं, आणि पोराचं शाळेतलं नावसुद्धा.

त्या पाड्यावर एका ओट्याशी बसलो होतो. घरातून एक बाई आली, माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मुन्शीदादा ना तुम्ही? आमचं अजून किती बाकी?"

मला चेहरा आठवला नाही, आकडा आठवला. अठराशे. तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी वारला होता. भट्टी राहिली नव्हती, वही राहिली नव्हती. पण तिच्या डोक्यात ते कर्ज जिवंत होतं. मी म्हणालो, "काही बाकी नाही." तिला हायसं वाटेल असं मला वाटलं होतं. तिने थोडा विचार केला आणि विचारलं, "मग आमची काही निघते का?"

मित्रहो, याचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. आज तुमच्यासमोर थोडं देऊन बघतो.

हे आजचं नाही. आपल्याच जिल्ह्यात एकेकाळी लग्नगडी असायचे. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घेतले की नवरा-बायको आयुष्यभर त्याच्याकडे राबायचे. १९४५ मध्ये गोदावरी परुळेकरांच्या साथीने वारली उभे राहिले आणि त्यांनी वेठ नाकारली. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला गोळीबार झाला, माणसं मेली. १९७६ मध्ये वेठबिगारी संपवणारा कायदा आला. तो म्हणतो, माणसाला बांधून ठेवणारं असं कर्ज रद्द समजावं. म्हणजे मी ज्या बरोबर बेरजेचा अभिमान बाळगला, तिच्यातल्या बाकीला कायद्यापुढे उभं राहणं अवघड होतं. हे मला बारावीपर्यंत कोणी शिकवलं नव्हतं, आणि मीही कोणाला विचारलं नव्हतं.

आता पाण्याचा हिशेब. वसई-विरारला पाणी मुख्यतः सूर्याचं. सूर्याचं धामणी धरण विक्रमगड तालुक्यात. ते मुळात सिंचनासाठी बांधलं, त्यात आदिवासींच्या जमिनी गेल्या. आज त्यातून शहरांसाठी रोज ४० कोटी ३० लाख लिटरची योजना आहे, त्यातला साडेअठरा कोटी लिटर वाटा आपला. मोखाड्यात २०१४ मध्ये पुरं झालेलं मध्य वैतरणा धरण मुंबईला रोज साडेपंचेचाळीस कोटी लिटर देतं, आणि त्याच तालुक्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. आपल्याही नळाला रोज पाणी येत नाही, हे मला माहीत आहे. म्हणूनच हंड्याची किंमत आपल्याला कळायला हवी.

आपल्या भिंतीतली वीट आणि नळातलं पाणी ज्या गावातून येतं, त्याला आपण दुर्गम म्हणतो. तिथून इथे यायला त्यांना रस्ता सापडतो. इथून तिथे जायला आपल्याला सापडत नाही.

आपण रमजानमध्ये भट्टीवर कपडे, खजूर वाटतो. वाटावेत. पण जकात देणाऱ्यानेही आधी मजुराचं देणं चुकवलेलं असावं, हे आपल्या घरांत लहानपणापासून ऐकलेलं आहे. भाड्याचं घर शोधताना नाव विचारून दार लावलं जातं, तो अनुभव इथल्या अनेकांना आहे. आपल्याला मेहेरबानी नको असते, हक्क हवा असतो. मग त्या बाईलाही तोच हवा असणार.

करण्यासारखी तीन कामं सांगतो. पहिलं, दिवाळीनंतर आपल्या भागातल्या भट्ट्यांवर जाऊन शाळेच्या वयाची मुलं मोजा आणि जवळच्या जिल्हा परिषद शाळेत त्यांना घाला. शिक्षणहक्क कायद्याने शाळा नाही म्हणू शकत नाही. उसगावच्या विधायक संसदेने भट्ट्यांवर भोंगा शाळा चालवल्या होत्या. हे होऊ शकतं. दुसरं, रेशन आता आधारवर कुठल्याही दुकानात मिळतं. त्या कुटुंबांबरोबर दुकानापर्यंत जा. एकटे गेले तर त्यांना परत पाठवतात. गरोदर बाईचं नाव जवळच्या अंगणवाडीत घालायलाही असंच सोबत जा. तिसरं, तुमच्यापैकी कोणी मुन्शी असेल, सुपरवायझर असेल, कोणाच्या वडिलांचा ठेका असेल, तर मजुराच्या हातात त्याच्या हिशेबाची एक प्रत द्या. वाचून दाखवा. बायकोची मजुरी तिच्या नावावर लिहा.

मी त्या बाईला पुन्हा भेटलो आहे. तिची धाकटी मुलगी आता आश्रमशाळेत नववीत आहे. मागच्या वेळी तिने माझ्याकडे एक वही मागितली. मी विचारलं, कशाला? म्हणाली, "या वर्षी दादा भट्टीवर जातोय. हिशेब मी लिहिणार."

वही नेऊन दिली आहे.