जोते आणि गाय : जमुनेच्या चरांवरील उपजीविका-प्रकल्पाच्या मूल्यमापनाविषयी

ब्रह्मपुत्रा बांगलादेशात शिरल्यावर थोड्याच अंतरावर तिचे नाव जमुना होते आणि तेथून गंगेला मिळेपर्यंत ती एका पात्रात न मावता अनेक प्रवाहांची वेणी घालत वाहते. या वेणीच्या पेडांमध्ये वाळू व गाळ साचून जी बेटे तयार होतात त्यांना बंगालीत ‘चर’ म्हणतात. मराठीतला ‘मळई’ हा शब्द त्याच्या जवळचा आहे, पण मळईवर उन्हाळ्यात कलिंगडे-काकड्या लावून माणसे पावसाळ्याआधी गावात परततात, तर चरावर कुटुंबे बारमाही राहतात, कारण परत जायला त्यांना दुसरे गाव नसते. कुरीग्राम, गाइबांधा, बोगुरा, सिराजगंज, जमालपूर इत्यादी जिल्ह्यांतील अशा चरांवर 2004 ते 2016 या काळात जो उपजीविका-सुधार प्रकल्प राबवला गेला, तो ‘चर उपजीविका कार्यक्रम’ या नावाने ओळखला जातो. आपत्तिप्रवण ग्रामीण भागातील अशा प्रकल्पाचे यश कसे मोजावे, या प्रश्नाची जवळजवळ प्रत्येक अडचण या एका उदाहरणात सापडते, म्हणून येथे विवेचन त्याच्याच आधारे केले आहे.

चरावरील संकट दोन प्रकारचे असते आणि त्या दोहोंत गल्लत झाली की पुढचे सारे हिशेब चुकतात. पहिला प्रकार पुराचा : पाणी चढते, घरात शिरते, काही दिवसांनी वा आठवड्यांनी उतरते आणि जमीन जागच्या जागी राहते. दुसरा प्रकार धूप होण्याचा : प्रवाह काठ पोखरतो, शेत आणि घराखालची जमीन नदीत जाते, आणि कुटुंबाला पत्रे, बांबू व तागाच्या काड्यांच्या भिंती सोडवून होडीत भरून दुसऱ्या चरावर किंवा बांधावर आसरा शोधावा लागतो. यांच्या जोडीला आश्विन-कार्तिकातील मोसमी उपासमार असते, जिला उत्तर बांगलादेशात ‘मोंगा’ म्हणतात. भाताची लावणी संपलेली, कापणी दूर, मजुरी नाही, अशा त्या आठवड्यांत माणसे पुढच्या हंगामाचे श्रम आधीच कमी दराने विकून टाकतात. बीडच्या ऊसतोड कामगारांची ‘उचल’ ज्यांना ठाऊक आहे त्यांना हा व्यवहार वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

ब्रिटनच्या आणि दुसऱ्या टप्प्यात ऑस्ट्रेलियाच्याही साहाय्याने, बांगलादेश शासनाच्या ग्रामविकास व सहकार विभागाच्या छत्राखाली चाललेल्या या कार्यक्रमाने पहिल्या टप्प्यात सुमारे 55,000 आणि दुसऱ्या टप्प्यात सुमारे 78,000 अतिगरीब कुटुंबे निवडली. निवडीसाठी कुटुंब भूमिहीन असणे आणि त्याच्याकडील उत्पादक मत्ता, म्हणजे ज्यातून कमाई होते अशी जनावरे व अवजारे, नगण्य असणे आवश्यक होते. अशा कुटुंबाचे घर ज्या मातीच्या जोत्यावर उभे असते ते ठाऊक असलेल्या सर्वांत मोठ्या पुराच्या पातळीपेक्षा सुमारे दोन फूट वर उचलायचे, मातीचे हे काम शक्यतो टंचाईच्या महिन्यांत काढून गावातल्याच मजुरांना रोख मजुरी द्यायची, घरातील स्त्रीच्या नावे एक मत्ता द्यायची, आणि ती कमाई देऊ लागेपर्यंत सुमारे दीड वर्ष थोडा मासिक भत्ता, प्रशिक्षण व बचतगटाची जोड द्यायची, अशी त्याची रचना होती. कोणती मत्ता घ्यावी हे कुटुंबाने ठरवायचे होते आणि बहुसंख्य कुटुंबांनी गाय, कालवड किंवा गोऱ्हा निवडला. आराखडा नेटका होता यात शंका नाही. विशेषतः जोत्याचे काम टंचाईच्या महिन्यांशी जोडण्यात जी समज दिसते ती अनेक मोठ्या योजनांत दिसत नाही.

मूल्यमापन आणि देखरेख या दोन गोष्टी सरकारी कागदांत हातात हात घालून येत असल्या तरी त्या भिन्न आहेत. किती जोती उचलली, किती गायी वाटल्या हे मोजणे ही देखरेख. त्या नसत्या तर या कुटुंबांचे काय झाले असते याच्याशी आजची स्थिती ताडून पाहणे हे मूल्यमापन. ‘नसते तर’ डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून त्याच्या जागी तुलनेसाठी दुसरा गट शोधावा लागतो. मराठी वाचकाला ही पद्धत परकी वाटण्याचे कारण नाही, कारण धनंजयराव गाडगीळ यांनी गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या आर्थिक परिणामांचा जो अभ्यास 1948 साली गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे प्रसिद्ध केला, त्यात कालव्याखालची आणि कालव्याबाहेरची शेती शेजारी-शेजारी ठेवून हेच केले होते. चर कार्यक्रमात वेगळा तुलनागट राखला गेला नाही. कुटुंबे दरवर्षी तुकड्यांनी दाखल होत असल्यामुळे नव्याने दाखल होणाऱ्या, अजून काहीच न मिळालेल्या तुकडीशी आधीच्या तुकडीची तुलना केली गेली. या युक्तीचा मोठा गुण असा की दोन्ही तुकड्यांनी तोच पूर, तोच बाजारभाव आणि तीच मजुरी पाहिलेली असते. तिचा दोष असा की नवी तुकडी पुढच्या वर्षी लाभार्थी होते आणि तुलना विरघळते. शेवटच्या तुकडीनंतर तर तुलनेला कोणी उरतच नाही, म्हणजे सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, पाच-दहा वर्षांनी काय टिकले, तो तसाच राहतो.

मोजणी कोणत्या महिन्यात केली यावर उत्तर किती अवलंबून असते, हे गोऱ्ह्याच्या उदाहरणावरून कळते. चरावरची बाई हाडकुळा गोऱ्हा घेते, काही महिने गवत, कोंडा व पेंड घालून त्याला भरवते आणि बकरी ईदच्या आधीच्या बाजारात विकते, कारण वर्षातला सर्वांत चढा भाव तेव्हा मिळतो. बकरी ईद चांद्र वर्षाप्रमाणे दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. 2007 साली ती डिसेंबरात होती, 2010 साली नोव्हेंबरात, 2015 साली सप्टेंबरात. समजा पाहणी दरवर्षी ऑक्टोबरातच करायची असे शिस्तीने ठरवले, तर 2007 च्या ऑक्टोबरात गोऱ्हा दावणीला उभा असेल आणि 2015 च्या ऑक्टोबरात तो विकला गेलेला असेल. पहिल्या वहीत त्याची नोंद मत्तेच्या रकान्यात होईल, दुसऱ्या वहीत रोख रक्कम, फेडलेले कर्ज किंवा घरावरचा नवा पत्रा म्हणून होईल, आणि केवळ मत्तेचा रकाना पाहणाऱ्याला कुटुंब गरीब झाल्याचा भास होईल. त्यातही ईद सप्टेंबरात आली की शेवटच्या महिन्यांत पूर आणि चाऱ्याची टंचाई यांच्यातच गोऱ्हा भरवावा लागतो. तारीख सारखी ठेवली म्हणजे तुलना सारखी झाली, हा समज आपत्तीच्या प्रदेशात महाग पडतो. मराठवाड्यातही हे घडू शकते : 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले आणि त्याच वर्षी पावसाळा उत्तम झाला. त्या उन्हाळ्यातली विहिरींची पातळी पायाभूत धरून वर्षभराने पुन्हा मोजली, तर बंधाऱ्यांचे श्रेय कोणते आणि पावसाचे कोणते हे वेगळे काढणे कठीण होते.

चर कार्यक्रमाच्या दुसऱ्या टप्प्यात यशाची व्याख्या दहा निकषांनी केली होती : एकाहून अधिक उत्पन्नस्रोत, पुरेसे व वैविध्यपूर्ण अन्न, सुरक्षित पाणी, आरोग्यदायी शौचालय, हात धुण्यासाठी साबण किंवा राख, ठरावीक रकमेहून अधिक उत्पादक मत्ता, मोठ्या खरेदी-विक्रीच्या निर्णयात स्त्रीचा वाटा, पूररेषेवरचे जोते, एखाद्या गटाचे सदस्यत्व, आणि रोख बचत. यांपैकी सहा पुरे करणारे कुटुंब अतिगरिबीतून बाहेर पडले असे मानले जाई आणि ही तपासणी साहाय्य संपल्यापासून तीन महिन्यांच्या आत होई. सहाचा आकडा का, पाच किंवा आठ का नाही, याला हिशेबी कारण देता येत नाही, आणि एवढ्यासाठी कोणाला दोष देण्यातही अर्थ नाही, कारण कोठेतरी रेघ ओढावी लागतेच. खरी अडचण वेगळी आहे. दहांपैकी जोते कार्यक्रमानेच उचलून दिलेले, शौचालय व पाण्याची सोय त्याच्याच मदतीने झालेली, गट त्यानेच बांधलेला. म्हणजे प्रकल्पाने जे वाटले तेच काही प्रमाणात यश म्हणून मोजले गेले. पुरवठा आणि परिणाम यांतले हे अंतर जोत्याच्या बाबतीत स्पष्ट दिसते : उंच जोते हा पुरवठा, आणि पुढच्या पुरात कुटुंबाला गुरे पडेल भावाने विकून बांधाकडे पळावे लागले नाही, हा परिणाम. तो पूर येईपर्यंत मोजताच येत नाही, आणि साहाय्य संपून तीनच महिने झाले असतील तर तो बहुधा आलेला नसतो.

साहाय्य संपल्यावर काय टिकते, या प्रश्नावर चरांबाहेरच्या बांगलादेशातील संशोधनाने थोडा प्रकाश टाकला आहे. ब्रॅक या संस्थेने 2002 पासून अतिगरीब स्त्रियांना जनावरे व प्रशिक्षण देण्याचा जो कार्यक्रम चालवला, त्याचे मूल्यमापन ओरियाना बांदिएरा व त्यांच्या सहकाऱ्यांनी यादृच्छिक निवडीने, म्हणजे कोणत्या भागाला आधी लाभ द्यायचा हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवून, तेराशेहून अधिक गावांत केले. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात लाभ मिळून चार वर्षे झाल्यावरही कमाई वाढलेली आढळली. त्याच माहितीवर आधारलेल्या 2022 च्या दुसऱ्या शोधनिबंधात क्लेअर बाल्बोनी व इतरांनी दाखवले की मत्तेची एक उंबरठ्यासारखी पातळी असते : तिच्या वर ढकलली गेलेली कुटुंबे पुढे चढत राहिली, खाली राहिलेली पुन्हा घसरली. चरासाठी यातून काढायचा अर्थ कठोर आहे, कारण तेथे उंबरठा ओलांडलेल्या कुटुंबाला एकच वाईट वर्ष पुन्हा आत ओढू शकते, आणि 2007 सारख्या वर्षी तर जुलैत एक आणि सप्टेंबरात दुसरा असे दोन पूर आले होते. म्हणून अशा प्रदेशात सरासरी उत्पन्न किती वाढले यापेक्षा वाईट वर्षात ते किती खाली गेले, आणि सावरायला किती महिने लागले, हे मापन अधिक खरे ठरते.

मात्र ते मापन ज्यांच्यावर करायचे ती माणसे जागेवर असावी लागतात. पाहणी करणारा आधीच्या फेरीतले अक्षांश-रेखांश घेऊन इंजिनाच्या होडीतून जातो आणि त्या खुणेवर त्याला पाणी दिसते. यादीतली कुटुंबे अशी निसटण्याला सांख्यिकीत ‘गळती’ म्हणतात, आणि निसटलेल्याच्या जागी सापडेल ते शेजारचे कुटुंब घेण्याची सवय सर्वत्र आहे. पण चरावर गळालेले कुटुंब हे बहुधा ज्याची जमीन कापली गेली ते असते, म्हणजे प्रकल्पाची सर्वांत कडक परीक्षा ज्याच्यावर झाली तेच नमुन्यातून बाहेर पडते. त्याला शोधण्यासाठी दुसऱ्या चरावर, बांधावर, वेळ पडल्यास ढाक्याच्या झोपडपट्टीत जाणे खर्चिक असते आणि अंदाजपत्रकात त्या खर्चाला ओळ नसते. अशा कुटुंबाच्या डोळ्यांनी ते दहा निकष पुन्हा वाचले तर त्यांची वेगळीच विभागणी होते. जोते, शौचालय, पाण्याची सोय, हात धुण्याची जागा आणि वस्तीतला गट, हे पाच जमिनीबरोबर जातात. हातपंपाचे वरचे डोके फार तर उपटून होडीत टाकता येते. उत्पन्नाचे स्रोत, जेवण, गाय, बचत आणि स्त्रीचा शब्द एवढे पाच होडीत बसतात. दहाच्या दहा निकष पुरे केलेले कुटुंबही धूप झालेल्या दिवशी पाचावर येते, आणि उत्तीर्ण होण्यासाठी तर सहा लागतात.