संगणकाच्या हाती न लागणाऱ्या संख्या

संगणकाला ०.१ अधिक ०.२ किती, असं विचारा. बऱ्याच प्रोग्रॅमिंग भाषांत उत्तर नेमकं ०.३ येत नाही. दशांशचिन्हानंतर सतराव्या जागी एक आगंतुक ४ डोकावतो. द्विमान पद्धतीत एक दशांश लिहायला घेतला की तो संपतच नाही, मग यंत्र त्याला कुठेतरी तोडतं. हा तुकडा क्षुल्लक वाटतो खरा. पण फेब्रुवारी १९९१ मध्ये सौदी अरेबियातल्या धाहरान इथे अशाच तुकड्यांनी पेट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणेचं घड्याळ शंभर तासांत सुमारे ०.३४ सेकंद चुकवलं. त्यामुळे इराकी स्कड क्षेपणास्त्र अडवलं गेलं नाही आणि २८ अमेरिकी सैनिक मारले गेले.

ही चूक मात्र सुधारता येते. जास्त अंक ठेवा, झालं! खरी भिंत पुढे आहे, आणि ती गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ सालीच दाखवली, आजचे संगणक जन्मायच्या आधी. पाय (π) या संख्येचे हवे तितके अंक काढून देणारा प्रोग्रॅम लिहिता येतो. पण सगळे प्रोग्रॅम एक, दोन, तीन असे क्रमाने मांडता येतात. वास्तव संख्या, म्हणजे दशांश रूपात लिहिता येणाऱ्या सगळ्या संख्या, तशा मांडता येत नाहीत, हे गणितज्ञ कँटर यांनी आधीच सिद्ध केलं होतं. म्हणजे जवळजवळ सगळ्याच वास्तव संख्यांसाठी प्रोग्रॅमच नाही.

ज्या संख्यांसाठी प्रोग्रॅम आहे, तिथेही एक साधा प्रश्न अडतो: या दोन संख्या समान आहेत का? वेगळ्या असतील तर कधीतरी फरक सापडेल. समान असतील, तर निव्वळ अंक ताडून पाहणारं यंत्र थांबणारच नाही. आणि प्रत्येक जोडीला लागू पडेल अशी दुसरी कुठलीही रीत अस्तित्वात नाही.