मुलाखतीस सामोरे जाताना
(साखरा, जि. हिंगोली येथे बौद्ध तरुण व पालक यांच्यापुढे केलेले भाषण)



सरकारी नोकरीच्या मुलाखतीस आपल्या मुलामुलींनी कोणत्या तयारीने जावे, हा विषय आज मला देण्यात आला आहे. विषय व्यवहारातला आहे आणि मी तो व्यवहाराच्याच भाषेत मांडणार आहे. लेखी परीक्षेविषयी मी बोलणार नाही. तिचा अभ्यास कसा करावा, हे सेनगाव-हिंगोलीच्या अभ्यासिकांत रात्र जागविणाऱ्या मुलांस माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. परंतु लेखी परीक्षेत उत्तम गुण मिळवून मुलाखतीच्या दारात अडखळलेली आपली मुले मी पाहिली आहेत. आणि एके काळी मी त्यांच्यापैकीच एक होतो.

माझ्या पहिल्या मुलाखतीची हकीकत सांगतो. कार्यालय कोणते, हे सांगण्याचे कारण नाही. टेबलापलीकडे तीन गृहस्थ बसले होते. पहिला प्रश्न आला आडनावाचा, दुसरा गावाचा, आणि तिसरा, वडील काय करतात. माझे वडील दुसऱ्याच्या शेतात सालगडी होते. मी म्हणालो, “शेती करतात.” लगेच पुढचा प्रश्न आला, “किती एकर?” माझी जीभ टाळ्याला चिकटली. त्यानंतर विषयाचे दोन-तीन प्रश्न विचारण्यात आले. त्यांची उत्तरे मला येत होती, पण एकही धड देता आले नाही. त्या गृहस्थांचा मला राग आला, आणि तो राग रास्तच होता असे मी आजही म्हणेन. पण “शेती करतात” हे उत्तर त्यांनी माझ्या तोंडी घातले नव्हते. ते माझे होते. वर्षभर दुसऱ्याच्या शेतात राबून मला शिकविणाऱ्या बापाचे काम मी त्या खोलीत लपविले, आणि लपविलेले सांभाळण्यातच माझे सारे बळ खर्ची पडले.

मुलाखतीत अन्याय होतो काय, असे पालक मला नेहमी विचारतात. होऊ शकतो. अच्युतानंद दास हे नाव आपणांपैकी थोड्यांनीच ऐकले असेल. अनुसूचित जातींतून भारतीय प्रशासन सेवेत गेलेले ते पहिले अधिकारी. परीक्षा १९५० ची. लेखी परीक्षेत त्यांचे गुण त्या वर्षी पहिल्या आलेल्या उमेदवाराहूनही अधिक होते. मुलाखतीच्या ३०० गुणांत मात्र त्यांना ११० मिळाले आणि क्रमांक कितीतरी खाली गेला. लेखी उत्तरपत्रिकेला आडनाव नसते, आवाज नसतो, अंगावरचा सदरा नसतो. मुलाखतीत हे सर्व माणसाबरोबर आत जाते.

म्हणूनच या प्रश्नावर न्यायालयांना बोलावे लागले. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रवेशासाठी लेखी परीक्षेस १०० आणि मुलाखतीस ५० गुण ठेवले होते. मुलाखत दोन-तीन मिनिटांत उरकली आणि तीत आईबाप कोण, राहता कोठे एवढेच विचारले, अशी विद्यार्थ्यांची तक्रार होती. अजय हासिया प्रकरण या नावाने प्रसिद्ध असलेल्या १९८० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने एकूण गुणांचा तिसरा हिस्सा मुलाखतीस देणे हे मनमानी ठरविले आणि अशा प्रवेशांसाठी १५ टक्क्यांची मर्यादा सांगितली. पुढे १९८५ मध्ये हरियाणाच्या लोकसेवा आयोगाविरुद्धच्या अशोककुमार यादव प्रकरणात राज्यसेवांच्या मुलाखतीचे गुण १२.२ टक्क्यांपर्यंत खाली आणण्यास न्यायालयाने सांगितले. संघ लोकसेवा आयोगाचे प्रमाण त्या वेळी तेवढेच होते. केंद्र शासनाने तर १ जानेवारी २०१६ पासून गट ‘क’, गट ‘ड’ आणि गट ‘ब’ मधील अराजपत्रित पदांच्या मुलाखतीच बंद केल्या.

वरिष्ठ पदांसाठी मात्र मुलाखत राहिली आहे, आणि ती हलकी नाही. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा परीक्षेत पूर्वी लेखी मुख्य परीक्षेचे ८०० आणि मुलाखतीचे १०० गुण होते. २०२५ च्या परीक्षेपासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली. तिचे १७५० आणि मुलाखतीचे २७५ गुण. म्हणजे एकूण २०२५ गुणांत साडेतेरा टक्क्यांहून थोडे अधिक मुलाखतीच्या हाती. जेथे एका गुणाने पद जाते, तेथे हे २७५ गुण दैवावर सोडून चालणार नाही.

आता या मुलाखतीचे स्वरूपही बदलत आहे. पूर्वी ज्ञान तपासले जाई: अमुक नदी कोठे उगम पावते, अमुक कलम काय सांगते. ज्ञानाची परीक्षा लेखी उत्तरांत होऊन गेलेली असते. मग समोर बसलेल्या माणसात काय पाहावयाचे? अमेरिकेतील डेव्हिड मॅक्लेलँड या मानसशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये असे मांडले की बुद्धीच्या चाचण्यांवरून माणूस कामात कसा निघेल हे नीट कळत नाही. त्याने प्रत्यक्ष प्रसंगात काय केले ते विचारावे. यातून क्षमतेवर आधारलेली मुलाखत जन्मास आली. भारत सरकारने २०२० मध्ये मंजूर केलेला ‘मिशन कर्मयोगी’ हा कार्यक्रम मुख्यतः सेवेत असलेल्यांच्या प्रशिक्षणाचा आहे, पण त्याचाही पाया क्षमता हाच आहे. तेव्हा मंडळासमोर “नेतृत्व म्हणजे काय?” याऐवजी “लोक तुमचे ऐकत नव्हते असा एखादा प्रसंग सांगा. तुम्ही काय केलेत?” असा प्रश्न येऊ लागला, तर त्यात नवल नाही.

हा बदल आपल्या मुलांच्या हिताचा आहे, असे माझे मत आहे. महागड्या शिकवणीत व्याख्या पाठ करून मिळतात. प्रसंग मिळत नाहीत. प्रसंग ज्याच्या त्याच्या आयुष्यातच असावे लागतात, आणि आपल्या मुलांच्या आयुष्यात त्यांना तोटा नाही. अडचण एवढीच की आपली मुले त्यांस प्रसंग मानीतच नाहीत.

याचे उदाहरण देतो. याच तालुक्यातील एक पदवीधर मुलगी सरावासाठी माझ्यासमोर बसली. मी विचारले, “स्वतः पुढाकार घेऊन केलेले एखादे काम सांगा.” ती म्हणाली, “सर, मी असे काही केलेले नाही.” मी सोडले नाही. तासाभराच्या बोलण्यात निघाले ते असे. वस्तीतील नऊ मुलींची शिष्यवृत्ती अडली होती, कारण शाळेच्या दाखल्यावर बापाचे नाव एक, आधार कार्डावर दुसरे आणि बँकेच्या पुस्तकावर तिसरेच. हिने एका वहीत नऊ जणींची नावे लिहिली, कोणाची चूक कोठे आहे ते समोर मांडले, आधी कोणता कागद दुरुस्त केला म्हणजे बाकीचे आपोआप जुळतील ते विचारून घेतले, आणि तीन वेळा सेनगावास खेपा घातल्या. सात जणींचे पैसे जमा झाले. दोघींची कुटुंबे ऊसतोडीला गेली होती; त्यांच्यापर्यंत ती वेळेत पोहोचू शकली नाही. ही हकीकत तिला सांगण्याजोगीच वाटली नव्हती! तहसील कार्यालयात अधिकारी म्हणून तिला उद्या दुसरे काय करावे लागणार आहे?

ती पुन्हा सांगू लागली तेव्हा दुसरी अडचण दिसली. प्रत्येक वाक्य “आम्ही” ने सुरू होई. आम्ही ठरविले, आम्ही गेलो. आपली चळवळ “आम्ही” या शब्दावर उभी राहिली आहे. मी मी म्हणणारा माणूस आपल्यात हलका समजला जातो, आणि ते योग्यच आहे. परंतु नोकरी समूहास मिळत नाही. मंडळाला जाणून घ्यावयाचे असते की त्या “आम्ही” मध्ये तुमचा हात कोठे होता. वही कोणी घातली? मी. खेपा कोणी घातल्या? मी, आणि एकदा सोबत चुलतभाऊ होता. एवढे खरे सांगणे ही बढाई नव्हे. ज्याचे श्रेय त्यास देऊन आपल्या वाट्याचे सांगावे.

सांगण्याचा क्रम साधा आहे. प्रसंग काय होता, तुमच्याकडे काय आले, तुम्ही काय केले, शेवटी काय झाले. पहिल्या दोन गोष्टी चार वाक्यांत आटोपाव्यात. सारा वेळ तिसऱ्या गोष्टीस द्यावा. आपली मुले उलट करतात: गावाची परिस्थिती, दुष्काळ, घरची गरिबी यांतच दोन मिनिटे जातात, आणि “मग आम्ही ते काम केले” असे म्हणून मोकळी होतात. आणि त्या दोघी मुलींचे राहून गेले, तेही सांगावे. अपयशाचा प्रसंग तर मुद्दाम विचारला जातो. अशा वेळी “माझा दोष एवढाच की मी फार कष्ट करतो” असली उत्तरे कोणीतरी शिकवितो. ती ऐकून मंडळाचे कान किटलेले असतात. रचलेला प्रसंगही कधी नेऊ नये. दुसऱ्या प्रश्नास तो डगमगतो आणि तिसऱ्यास कोसळतो. माझी “शेती” किती एकरांत कोसळली, ते मी सांगितलेच आहे.

घरी बसून एका वहीत असे दहा-बारा प्रसंग लिहून काढावेत. जयंतीच्या वर्गणीचा हिशेब कोणी ठेवला, पीक विम्याचे अर्ज कोणी भरून दिले, पाण्याच्या टाकीवरून तंटा झाला तेव्हा मध्ये कोण पडले, हळदीच्या काढणीत घरी मदत करून परीक्षा कोणी दिली. लिहिताना आईवडिलांनाही विचारावे. मुलाने काय केले हे पुष्कळदा आईला अधिक आठवते.

आता अवघड प्रश्नांकडे येऊ. आरक्षणाविषयी तुमचे मत काय? धर्मांतराने काय साधले? हे प्रश्न कधी जिज्ञासेने येतात, कधी तुमचा तोल पाहण्यासाठी, तर क्वचित डिवचण्यासाठीही. तिन्ही वेळी उत्तर एकाच आवाजात द्यावे. अंगुत्तर निकायात भगवंतांनी प्रश्नांचे चार प्रकार सांगितले आहेत: काहींचे उत्तर सरळ द्यावयाचे, काहींचे फोड करून, काहींचे उलट प्रश्न विचारून, आणि काही बाजूस ठेवावयाचे. आरक्षणाचा प्रश्न फोड करून उत्तर देण्याजोगा आहे. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना १९४३ मध्ये केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा प्रथम राखल्या गेल्या. आज केंद्रात हे प्रमाण १५ आणि महाराष्ट्रात १३ टक्के आहे. संविधानाचे कलम १६ (४) प्रतिनिधित्वाची सोय करते आणि कलम ३३५ प्रशासनाच्या कार्यक्षमतेचे भान ठेवण्यास सांगते. दोन्ही कलमे एकाच संविधानात आहेत, हे शांतपणे सांगता आले तर वाद राहत नाही. आणि विहीर वा वस्ती कोणती असे आडून जात विचारणारा प्रश्न आलाच, तर “महोदय, या पदाच्या कामाशी याचा संबंध समजला तर मी अधिक नीट उत्तर देऊ शकेन,” असे नम्रपणे विचारण्याचा तुम्हांस अधिकार आहे. तो वापरण्याचा प्रसंग थोड्यांवरच येतो. पण वापरता येतो हे ठाऊक असले म्हणजे पाय कापत नाहीत.

कागदपत्रांविषयी दोन शब्द, विशेषतः ज्या कुटुंबांनी अलीकडे दीक्षा घेतली आहे त्यांच्यासाठी. दीक्षा घेतली म्हणजे सवलत गेली, अशी भीती आजही काही घरांत आहे. १९५६ नंतर केंद्राच्या बाबतीत ती खरी होती. त्या पिढीने ती किंमत मोजली. महाराष्ट्राने १९६० मध्ये राज्यापुरत्या सवलती दिल्या, आणि १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांस केंद्रातही अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला. परंतु केंद्राच्या नमुन्यातील दाखल्यावर मूळ जातीचा उल्लेख लागतो. सोडलेली जात पुन्हा कागदावर लिहावी लागते याचे दुःख मी समजतो. माझ्या मुलाच्या दाखल्यावर ती लिहिताना माझाही हात थांबला होता. तरी तो दाखला हक्काचा कागद म्हणून घ्यावा, आणि जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज मुलाखतीचे पत्र येण्याची वाट न पाहता आधीच करावा. त्या नऊ मुलींप्रमाणे नावांचा घोळ असेल तर तोही आताच निस्तरावा.

भाषेची धास्ती बाळगू नये. राज्य आयोगापुढे मराठीत बोलता येते. संघ आयोगापुढेही मराठी माध्यम घेणाऱ्यास मराठीत मुलाखत देता येते. आपल्या बोलीचा हेल आला तरी हरकत नाही. अर्धवट इंग्रजीपेक्षा तो बरा. पुण्याच्या बार्टी या संस्थेतर्फे आपल्या विद्यार्थ्यांसाठी स्पर्धा परीक्षांचे प्रशिक्षण असते, त्याची चौकशी करावी. पण सराव मात्र गावातच, रोज व्हावयास हवा. टेबलामागे शिक्षक, एखादी अंगणवाडी सेविका आणि अनोळखी वाटेल असा बाहेरगावचा एक माणूस बसवा. मुलाने दारातून आत यावे, उभे राहावे, सांगितल्यावर बसावे. पालकांनी समोर बसून ऐकावे आणि मध्ये बोलू नये. हे शेवटचे फार कठीण जाते, हे मला अनुभवाने ठाऊक आहे.

माझे बोलणे एवढेच. सभा संपण्यास अजून तासभर आहे. व्यासपीठावरील हे टेबल पुढे घ्या आणि समोर एक खुर्ची ठेवा. ज्यांची लेखी परीक्षा पार पडली आहे त्यांनी एकेकाने वर यावे. पहिला प्रश्न मी विचारीन, आणि तो असेल: आपले वडील काय करतात?