अंटार्क्टिकावरचा वारा कामाला लावता येईल काय?



वैशाखातल्या अशा संध्याकाळी गोदाकाठच्या या पटांगणात वाऱ्याची एखादी झुळूक आली, की व्याख्यात्यापेक्षा श्रोत्यांना तीच अधिक प्रिय वाटते. त्यात काही गैर नाही. परंतु आज ज्या वाऱ्याविषयी आम्ही बोलणार आहोत, तो झुळुकेच्या जातीचा नव्हे. तो माणसाला उभे राहू देत नाही, दहा पावलांवरचे घर दिसू देत नाही. आणि तरीही शंभराहून अधिक वर्षे माणूस त्याला जुंपू पाहत आहे.

हा विषय नाशिककरांपुढे कशाला, असे कोणी विचारील. आपण गोदावरीला सरळ गंगाच म्हणतो. 'गंगेवर जाऊन येतो' हे आपल्या तोंडचे नित्याचे वाक्य. १९८३-८४ च्या उन्हाळ्यात, म्हणजे तिकडच्या उन्हाळ्यात, भारताने अंटार्क्टिकावर आपले पहिले ठाणे उभारले, त्याचे नाव 'दक्षिण गंगोत्री' ठेवले. त्याआधी डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखालची पहिली मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी त्या हिमभूमीवर उतरली. ठाणे उभारणाऱ्या मोहिमेत नागपुरात जन्मलेल्या अदिती पंत होत्या. अंटार्क्टिकावर पाऊल ठेवणाऱ्या पहिल्या दोन भारतीय स्त्रियांपैकी त्या एक. आजही या मोहिमांचा कारभार वास्को येथील राष्ट्रीय संस्थेतून चालतो. तेव्हा ही गोष्ट अगदीच परक्याची नाही.

पहिले ठाणे बर्फाच्या तरंगत्या पठारावर होते. ते हळूहळू बर्फाखाली गाडले जाऊ लागले आणि १९९० साली सोडावे लागले. दुसरे, 'मैत्री', १९८९ साली शिरमाखर नावाच्या उघड्या खडकाळ प्रदेशात बांधले गेले. तिसरे, 'भारती', २०१२ साली लार्समन टेकड्यांवर, समुद्राला लागून. मैत्री आणि भारती खडकावर आहेत, हे ध्यानात ठेवावे; पुढे त्याचा उपयोग आहे.

या ठाण्यांचा प्राण कशात आहे? डिझेल जनित्रात. हिवाळ्यात जहाज येत नाही, विमान येत नाही. दोन डझन माणसे आणि त्यांची उपकरणे मागे राहतात. मैत्रीवर मे महिन्याच्या उत्तरार्धात सूर्य मावळतो तो जुलैच्या उत्तरार्धात उगवतो. अशा काळात वीज गेली तर नुसता अंधार होत नाही. प्रियदर्शिनी सरोवरातून पाणी आणणारी नळी गोठते, मग घरातले पाणी गोठते, मग घर. जनित्र सांभाळणारा मेकॅनिक हा तिथे डॉक्टराइतकाच महत्त्वाचा गृहस्थ असतो.

आणि ते तेल तिथवर जाते कसे? जहाजाने बर्फाच्या कड्यापर्यंत, आणि तिथून मैत्रीपर्यंत सुमारे शंभर किलोमीटर बर्फावरून, साखळीच्या चाकांच्या वाहनांमागे घसरगाड्या जोडून. वाटेत भेगा, वादळे. साधे डिझेल त्या थंडीत मेणासारखे घट्ट होते, म्हणून थंडीत वाहते राहील असे तेल न्यावे लागते. वाहून नेणारी वाहनेही तेलच पितात. शिवाय एखादे पिंप फुटले, तर तिथल्या गोठलेल्या मातीत ते तेल वर्षानुवर्षे तसेच राहते. त्याला खाऊन टाकणारे जंतू त्या थंडीत जवळजवळ झोपलेले असतात. १९९१ च्या माद्रिद करारावर सही करणाऱ्या राष्ट्रांनी ही भूमी निर्मळ राखण्याचे वचन दिले आहे. आपणही त्यात आहोत आणि २०२२ साली आपल्या संसदेने त्यासाठी स्वतंत्र कायदाही केला आहे.

इकडे तेलाची ही यातायात, आणि दाराशी वारा फुकट घोंघावतो आहे! तो येतो कोठून, हे निफाडच्या द्राक्षबागाईतदाराला सांगावे लागणार नाही. थंडीच्या रात्री जड, गार हवा सखल भागात उतरून साचते आणि तो बागेत शेकोट्या पेटवतो. अंटार्क्टिकाच्या मध्यभागी हजारो मीटर उंचीचे बर्फाचे पठार आहे. त्यावरची हवा गारठून जड होते आणि उतारावरून समुद्राकडे घसरत येते. आपल्याकडे जो प्रकार एका खोऱ्यापुरता आणि एका रात्रीपुरता, तो तिथे खंडभर आणि महिनोन् महिने. त्यात तीन गोष्टी इंजिनियराला मोहात पाडतात. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यातली शक्ती आठपट होते. उणे वीस अंशांची हवा आपल्या इथल्या उन्हाळी हवेपेक्षा सुमारे एकपंचमांशाने जड असते, म्हणून तेवढ्याच वेगाचा वारा पात्यांवर जास्त जोराने पडतो. आणि सर्वांत मोठी गोष्ट ही, की सूर्य नसतो त्या हिवाळ्यातच वारा अधिक असतो. सौरपट्ट्या जेव्हा निरुपयोगी, नेमका तेव्हा हा हजर.

आपल्या शेजारी साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या माळावर पवनचक्क्यांची रांग आपण पाहिलीच असेल. तीच रांग उचलून तिकडे ठेवली की काम झाले, असे मात्र नाही.

नान्सेनच्या 'फ्राम' जहाजाने १८९३ पासून तीन वर्षे उत्तर ध्रुवाकडच्या बर्फात अडकून प्रवास केला. त्याच्या डेकवर पवनचक्की होती आणि तिने त्या दीर्घ रात्रीत विजेचे दिवे लावले. ते पाहून कॅप्टन स्कॉटने १९०१ साली आपल्या 'डिस्कव्हरी' जहाजावर तशीच चक्की दक्षिणेस नेली. रॉस बेटाच्या वाऱ्याने ती मोडली, दुरुस्त केली तर पुन्हा मोडली, आणि अखेर तो नाद सोडावा लागला. त्याच बेटावर, स्कॉटच्या नांगराच्या जागेपासून थोड्याच अंतरावर, २०१० साली न्यूझीलंडने तीन पवनचक्क्या सुरू केल्या. मधली शंभर वर्षे पोलादात, वंगणात आणि विजेच्या नियंत्रणात गेली, असे म्हटले तरी चालेल. अतिशीत हवेत साधे पोलाद काचेसारखे तडकते, ग्रीस गोठते, आणि पिठाहून बारीक हिमकण सुईच्या भोकातून आत शिरून यंत्राच्या पोटात साचतात.

ऑस्ट्रेलियाने मॉसन ठाण्यावर २००३ साली प्रत्येकी ३०० किलोवॉटच्या दोन चक्क्या उभारल्या. त्यांत दंतचक्रांची पेटीच नव्हती. पाती थेट जनित्राला फिरवीत. गोठायला तेल नको, झिजायला दाते नकोत. चौदा वर्षे हे काम उत्तम चालले. मग नोव्हेंबर २०१७ मध्ये एका चक्कीचे डोके पात्यांसकट सुमारे तीस मीटर उंचीवरून खाली कोसळले. कोणाला इजा झाली नाही. खबरदारी म्हणून दुसरीही थांबवली गेली. ठाण्यातले दिवे विझले नाहीत, कारण डिझेल जनित्रे जागेवर होती. आमच्या मते या साऱ्या विषयाचे मर्म या घटनेत आहे. चौदा वर्षे तेल वाचवणाऱ्या चक्कीचे श्रेय मोठेच. पण तिच्या भरवशावर कोणी जनित्रे मोडीत काढली असती, तर तो हिशेब माणसांच्या जिवाने चुकता झाला असता.

आणखी एक अडचण आहे आणि ती सहसा कोणी बोलत नाही. डिझेल जनित्र वीज देते तशी उष्णताही देते. आपल्याकडे इंजिनाची ही ऊब वाया जाते. तिकडे त्याच ऊबेवर घरे तापवतात. वाऱ्याने जनित्राचे काम हलके केले की ही ऊबही कमी होते, आणि घर तापवायला दुसरा मार्ग शोधावा लागतो. मॉसनवर वाऱ्याची जास्तीची वीज पाणी तापवण्याच्या बॉयलरकडे वळवीत. ही साधी युक्ती आहे, पण ती आराखड्यात पहिल्या दिवसापासून हवी; मागाहून जोडलेली चालत नाही.

वारा लहरी असतो हे तर आपण जाणतोच. फार थोडा असला तर पाती हलत नाहीत, फार झाला तर यंत्र वाचवण्यासाठी चक्की बंद करावी लागते. म्हणजे सर्वांत प्रचंड वादळाच्या दिवशी तिच्याकडून काहीच मिळत नाही! रॉस बेटावर वाऱ्याच्या क्षणोक्षणीच्या चढउतारांसाठी एक जड फिरते चाक बसवले होते. आपल्या विहिरीवरच्या जुन्या किर्लोस्कर इंजिनाचे अवजड चाक आठवा. दोन धक्क्यांच्या मधला वेळ ते आपल्या गतीने भरून काढी. तत्त्व तेच. त्या तीन चक्क्यांनी एक न्यूझीलंडचे आणि एक अमेरिकेचे अशा दोन ठाण्यांना वीज दिली. गंमत म्हणजे एकाची वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची, दुसऱ्याची साठ; त्यांचा मेळ घालणारे यंत्रही बसवावे लागले. तेलाची बचत सुमारे अकरा टक्के होईल असा त्या वेळचा अंदाज होता. अकरा टक्के ऐकून कोणी नाक मुरडील. पण ती वर्षाला साडेचार लाख लिटरांहून अधिक भरत होती.

मैत्री आता जुने झाले आहे. 'मैत्री दोन' बांधण्याचे ठरले असून ते वारा व सूर्य यांच्यावर बरेचसे चालावे असा संकल्प जाहीर झाला आहे. त्याचे आम्ही स्वागतच करतो. मात्र एकच प्रचंड चक्की उभारून छायाचित्रे काढण्यापेक्षा लहान लहान चार-सहा उभाराव्यात. एक पडली तर बाकीच्या चालतील, आणि त्या उभारायला मोठी क्रेन जहाजातून न्यावी लागणार नाही. पाया उघड्या खडकातच घ्यावा. तरंगत्या बर्फावरच्या घराचे काय होते ते दक्षिण गंगोत्रीने दाखवले आहे. नेमक्या त्याच जागी उंच खांब रोवून निदान एक पूर्ण हिवाळा वारा मोजावा, कारण टेकडीच्या एका बाजूचा वारा दुसऱ्या बाजूला लागू पडत नाही. हवामान खात्याचे लोक मैत्रीवर वर्षानुवर्षे निरीक्षणे घेत आले आहेत. त्या वह्या प्रथम उघडाव्यात. आणि हिवाळ्यासाठी मागे ठेवायच्या माणसांत मनोऱ्यावर चढून काळोखात, जाड हातमोजे घालून, एक बोल्ट आवळू शकेल असा माणूस निवडावा. आणि तो वर चढलेला असताना खाली इंजिनघरात जनित्राजवळ दुसरा कोणी जागा असावा.