हातमशीन, मोटार आणि मजुरी



व्याख्यानमालेत शिवणाच्या मशीनसारखा विषय पाहून काहींना नवल वाटले असेल. पण ज्या यंत्राने गिरणगावातील कितीतरी चुली पेटत्या ठेवल्या, त्याचा विचार चारचौघांत झाला तर बिघडले कोठे? यंत्रांवर कडक टीका करणाऱ्या गांधीजींनीसुद्धा १९२४ साली सिंगरच्या शिवणयंत्राला अपवाद मानले होते. यंत्रापेक्षा माणूस मोठा, हा त्यांचा निकष. आज आम्ही तोच लावणार आहोत.

परळ-लालबागच्या चाळींत हातमशीन का टिकले, हे खोली पाहिली की समजते. दहा बाय दहाच्या खोलीत पायमशीनचा लोखंडी सांगाडा मांडला, तर रात्री अंथरूण घालायचे कोठे? हातमशीन जमिनीवर घेऊन बसावे आणि काम संपले की झाकण घालून फळीवर ठेवावे. विजेची गरज नाही. मुठीचा एक फेरा झाला की साधारण तीन टाके पडतात. अडचण एकच : उजवा हात मुठीला बांधलेला, कापड सांभाळायला डावा एकटाच.

ही अडचण दोन प्रकारे दूर होते. मशीन पायटेबलावर बसवून चाकाला पट्टा लावावा, किंवा मागे लहान मोटार बसवावी. मशीनला मोटारीसाठी उंचवटा आणि भोक असेल तर काम सोपे. नसेल तर जुन्या बिडाला भोके पाडण्याच्या भानगडीत पडू नये. मुठीचे लोखंडी बोट चाकाच्या आऱ्यांत अडकलेले असते, ते आधी बाजूला घ्यावे. नाहीतर मोटारीबरोबर मूठही गरगर फिरते. मूठ मात्र फेकू नये. वीज गेली की तीच उपयोगी पडते.

येथे यंत्राचा प्रश्न सुटला. माणसाचा सुरू होतो. समजा, एक बाई हातमशीनवर दिवसाला दहा परकर शिवते आणि नगामागे पाच रुपये घेते. हाती आले पन्नास. मोटार लावली, वीस परकर झाले. कंत्राटदार म्हणतो, आता काम हलके झाले, तीन रुपये घ्या. हाती येतात साठ. काम दुप्पट, वाढ दहा रुपयांची; आणि त्यातून मोटारीचा हप्ता, विजेचे बिल, दोरा, तेल तिचेच! मग मोटार कोणासाठी फिरली?

हा प्रश्न मुंबईला नवा नाही. विणकराने दोनऐवजी तीन माग चालवावेत, अशा योजनांविरुद्ध १९२८ साली गिरणी कामगारांनी एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत संप केला. त्यांचे वैर मागाशी नव्हते. वाढलेल्या कामाचा मोबदला कोणाच्या पदरात पडतो, याचा तो झगडा होता. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे एकेक करून थांबले आणि अनेक घरांत शिवणाचाच आधार उरला. पण गिरणीत शेजारी शेजारी उभे राहणारे कामगार एकत्र येत. दार लावून शिवणारी बाई एकटी पडते.

कायदाही तिला कारखान्यात मोजत नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यात विजेवर काम चालत असेल तर दहा कामगार, विजेविना वीस, अशी मर्यादा होती. २०२० च्या संहितेने ती वीस आणि चाळीस केली. घरातली एक बाई, मोटार लावली काय किंवा नाही काय, एकच!

म्हणून आमचे सांगणे असे : मोटार जरूर लावावी, हातांना विसावा मिळायलाच हवा. पण त्याआधी चाळीतल्या शिवणाऱ्या बायांनी एकत्र बसून एकच दर ठरवावा, तो कागदावर लिहून घ्यावा, आणि दोऱ्याचा व विजेचा खर्च काम देणाऱ्याकडून मागावा. आणि गिरगाव-दादरच्या श्रोत्यांनो, साडीला फॉल लावून घेताना घासाघीस करण्यापूर्वी, त्या पैशांतले शिवणारीच्या हाती किती जातात, एवढे एकदा विचारा.