शिदोरी

लांबच्या वाटेला निघणाऱ्याच्या हाती शिदोरी द्यायची, ही आपल्याकडची जुनी रीत. पण शिदोरी परत करून पुढे गेलेल्या दोघांची गोष्ट आज सांगायची आहे.

१ जून १९६२ रोजी सतीशकुमार आणि ई. पी. मेनन हे दोन तरुण दिल्लीच्या राजघाटावरून पायी निघाले. अण्वस्त्रांना विरोध करण्यासाठी मॉस्को, पॅरिस, लंडन आणि वॉशिंग्टन गाठायचं होतं. विनोबांचा आशीर्वाद होता, पण सल्ला मोठा अवघड : जवळ एक पैसाही ठेवू नका. खिशात पैसा असला की माणूस खाणावळ शोधतो. नसला की कुणाचं तरी दार वाजवावंच लागतं.

पाकिस्तानच्या हद्दीवर एक स्नेही जेवणाची पुडकी घेऊन आला. पलीकडे यांना कोण जेवू घालणार, ही त्याची काळजी. सतीशकुमारांनी पुडकी परत केली. हे अन्न नव्हे, अविश्वास बांधून दिला आहे, असं त्यांना वाटलं. हद्द ओलांडली आणि एक अनोळखी माणूस सामोरा आला. शांतीसाठी चालत येणारे ते दोघे हेच, याची त्याने खात्री करून घेतली आणि लाहोरला आपल्या घरी पाहुणे म्हणून बोलावलं. पुढे काळ्या समुद्राजवळ चहाच्या कारखान्यातल्या बायकांनी चहाची चार पुडकी दिली, चार राजधान्यांतल्या पुढाऱ्यांसाठी. बाँबचं बटण दाबावंसं वाटलं तर आधी हा चहा घ्या, असा निरोप! समुद्र बोटीने ओलांडून, बहुतेक वाट पायांनी तुडवून दोघे १९६४ च्या जानेवारीत वॉशिंग्टनला पोचले.

हे वाचलं तेव्हा, खरं सांगतो, मला माझी शिदोरी आठवली.

डिसेंबर १९९२. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. कॉलेज बंद, गाड्या बंद, म्हणून चालतच गावी निघालो. पस्तीसएक किलोमीटर. जवळ भाकरी नव्हती, पण एक खोटं नाव होतं. कुणी विचारलंच तर सांगायला घोकून ठेवलेलं.

दुपारी एका वस्तीवर पाणी मागितलं. ओसरीवर एक म्हातारी ज्वारी पाखडत होती. "जेवलास का रं लेकरा?" तिनं आधी हे विचारलं, नाव नंतर. मी "वसंत" म्हणून मोकळा झालो. तिनं भाकरी वाढली, वर लसणाचं तिखट, त्यावर तेलाची धार. टाचेचा फोड पाहून हळद लावायला दिली. भाकरी मी खाल्ली, भूकच तेवढी होती. पण मान वर करून तिच्याकडे पाहिलं नाही.

निघालो. चार शेतं मागे पडली असतील, तोच तिचा नातू पळत येताना दिसला. माझी कवितांची वही ओसरीवरच राहिली होती. आणि पोरगं लांबूनच मला हाका मारत होतं, वहीवरच्या नावानं. माझ्या खऱ्या नावानं, भर रस्त्यात, केवढ्या मोठ्यानं! मी आधी चहूकडे पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही ना. मग त्याच्याकडे पाहिलं.

त्याच्या हातात वही होती आणि फडक्यात बांधलेल्या दोन भाकरी. नाव त्यानंच आजीला वाचून दाखवलं असणार.

"वाटेला दिल्यात आजीनं," तो धापा टाकत म्हणाला. "अंधार पडायच्या आत घर गाठ म्हणली."