लपंडाव खेळणारा दोष

मुलानें रात्रभर खोकावें, घरांत कुणाच्या डोळ्याला डोळा लागूं नये, आणि सकाळीं वैद्यांच्या दारांत पाऊल टाकतांच त्यानें एकदांहि खोकूं नये, हा अनुभव बहुतेक आईबापांना असतो. मोटारगाडी बाळगणारांनाहि तो येतो. घाटांत पिवळा दिवा लागतो, गाडी एका अंगाला कलते, ब्रेकच्या नांवानें कांहींतरी इशारा समोर उमटतो. आणि दुसऱ्या दिवशीं गाडी दुरुस्तीला नेली कीं ती न्हाऊनमाखून देवळाला निघाल्यासारखी शहाणी उभी! मेकॅनिक म्हणतो, "गाडींत कांहीं नाहीं." मालक म्हणतो, "काल होतें." दोघेहि खरें बोलत असतात. या दोन खऱ्यांच्या मधला दोष कसा धरावा, हा आजचा विषय आहे.

सर्वसाधारण बोलण्यानें येथें कांहीं हातीं लागावयाचें नाहीं, म्हणून एक विशिष्ट गाडीच डोळ्यांपुढें ठेवूं. इंग्लंडांतील लँड रोव्हर १९४८ सालीं प्रथम लोकांपुढें आली, ती मुख्यतः शेतावरच्या कामासाठीं. तिच्या चाकांवर घोडागाडीला असतात तशाच पोलादी पाट्यांच्या कमानी होत्या. १९७० मध्यें रेंज रोव्हर निघाली, तिला वेटोळ्यांच्या स्प्रिंगा आल्या. आणि १९९२ मध्यें त्याच रेंज रोव्हरच्या लांब बांध्याच्या गाडीला हवेच्या स्प्रिंगा बसविण्यांत आल्या. २००४ मध्यें आलेल्या डिस्कव्हरी ३ या गाडींत ही हवेची व्यवस्था, ब्रेक आणि खडकाळ वाटेवर चालण्याच्या युक्त्या एकमेकींशीं पक्क्या बांधल्या गेल्या. २००८ सालीं ही कंपनी टाटांच्या मालकीची झाली आणि २०११ पासून तिच्या कांहीं गाड्यांची जुळणी पुण्यास होऊं लागली. तेव्हां हा विषय आपल्याला अगदींच परका नाहीं.

हवेची स्प्रिंग म्हणजे रबराची भक्कम पिशवी. चार चाकांवर चार. एक विजेवर चालणारा कॉम्प्रेसर बाहेरची हवा ओढून ती एका टांकींत दाबून भरतो. पहिल्या रचनेंत हा दाब सुमारें १० बार, म्हणजे साध्या मोटारीच्या टायरांतील दाबाच्या चौपटीहून अधिक असे. टांकींतून बारीक नळ्यांवाटे व विजेच्या झडपांवाटे ही हवा पिशव्यांत सोडली कीं गाडी उठते, काढून घेतली कीं बसते. नदीनाल्यांत, खडकांत ती नेहमीपेक्षां सुमारें ५ सेंटिमीटर उंच होते, आणि वृद्ध माणसाला चढावयाचें असेल तेव्हां तितकीच खालीं येते. प्रत्येक चाकापाशीं उंची मोजणारा एक सेन्सर असतो. तो सांगतो, आणि गाडींतला संगणक झडपा उघडतो-मिटतो.

आतां प्रश्न असा कीं, हवेच्या पिशव्यांचा आणि ब्रेकचा संबंध काय? मालकाला पडद्यावर एकदम तीन-चार इशारे दिसतात, तेव्हां त्याला वाटतें कीं सगळी गाडीच मोडकळीस आली. पण एका वाड्यांतील चार बिऱ्हाडें एकाच विहिरीचें पाणी पीत असलीं, तर चौघांची पोटें एकदम बिघडूं शकतात, तसा हा प्रकार आहे. गाडीचा वेग किती, हें उंचीच्या संगणकाला स्वतः ठाऊक नसतें. चाकें किती फिरतात तें ब्रेकचा संगणक मोजतो, कारण चाक घसरूं लागलें तर त्यालाच तें सोडवावयाचें असतें. आणि तीच बातमी तो इतरांना पुरवितो. उंच झालेली गाडी वेगानें हांकणें धोक्याचें. म्हणून वेग कळेनासा झाला, कीं उंचीचा संगणक गाडी खालीं आणून ठेवतो आणि दिवा लावतो. त्याचें कांहीं चुकत नाहीं. बातमीदारच मुका झालेला असतो.

उलट दिशेचाहि धागा आहे. ब्रेक दाबला कीं गाडीचें नाक खालीं जातें. त्या क्षणीं पुढची उंची कमी झाली असें समजून हवा भरूं लागणें हें मूर्खपणाचें ठरेल. म्हणून पहिल्या रचनांत ब्रेक दाबलेला असेपर्यंत व सोडल्यावर सेकंदभर उंची बदलण्याचें काम थांबवून ठेवीत. ब्रेक दाबला आहे हें कळणार कसें? पेडलापाशीं असलेल्या एका लहानशा स्विचवरून.

या स्विचविषयीं जरा विस्तारानें सांगितलें पाहिजे, कारण डिस्कव्हरी ३ च्या बाबतींत भल्याभल्यांना चकविणारी वस्तु हीच आहे. त्यांत दोन संपर्क असतात. पेडल दाबलें कीं एक जुळतो आणि मागचे तांबडे दिवे लागतात; त्याच वेळीं दुसरा सुटतो व संगणकाला साक्ष देतो. दोघांची साक्ष जुळली तर ठीक. पण झिजेनें किंवा धुळीनें दुसरा संपर्क कधीं सुटला, कधीं चिकटून राहिला, तर एक म्हणतो "ब्रेक दाबला" आणि दुसरा म्हणतो "दाबला नाहीं". शिवाय तेलाचा दाब मोजणारा तिसरा साक्षीदार असतोच. अशा वेळीं संगणक कुणावरच विश्वास ठेवीत नाहीं. उतारावर गाडी आपोआप सांवरून धरण्याची सोय तो बंद करतो, खडकाळ वाटेच्या युक्त्या बंद करतो, कधीं उंचीचाहि दिवा लागतो. मालक मात्र कुणाला तरी मागें उभें करून पाहतो, दिवे व्यवस्थित लागतात, आणि म्हणतो, "स्विच तर ठीक आहे!" अर्धाच स्विच ठीक असतो. हा भाग गाडीच्या मानानें अगदीं कमी किंमतीचा. आणि तो न तपासतां महागडे संगणक बदलल्याचीं उदाहरणें थोडीं नाहींत.

दुसरा संशयित म्हणजे चाकाची गति मोजणारा सेन्सर. जुन्या गाड्यांत तो दातेरी कड्यासमोर बसविलेला एक चुंबक व तारेचें वेटोळें असा असतो. कड्याचे दाते पुढून सरकले कीं त्यांत वीज उत्पन्न होते; चाक हळू फिरलें कीं ती क्षीण होते. चाकाचें बेअरिंग सैल झालें किंवा सेन्सर गंजानें मागें सरकला, कीं दात्यांपासूनचें अंतर वाढतें आणि अगदीं मंद गतींत ती वीज नाहींशी होते. मग गंमत अशी होते कीं, गाडी सिग्नलपाशीं थांबतां थांबतां पायाखालीं पेडल गुरगुरतें. कारण तें चाक अडकून घसरत आहे असें ब्रेकच्या संगणकाला वाटतें. भरधाव जातांना कांहींच होत नाहीं. नव्या गाड्यांतील सेन्सर निराळ्या जातीचे असून मंद गतींतहि बोलतात. पण बेअरिंगला खेळ आला तर खड्ड्यांत व वळणावर तेहि क्षणभर अडखळतात. दोष वळणावरच येत असेल, आणि तोहि एकाच बाजूच्या वळणावर, तर ही खूण फार मोलाची आहे. म्हणून मीं म्हणेन कीं, मेकॅनिककडे जाण्यापूर्वीं चार दिवस एक वही गाडींत ठेवावी. दिवा लागला तेव्हां इंजिन गार होतें कीं तापलेलें, पाऊस होता काय, नुकतीच गाडी धुतली होती काय, वळण कोणतें, पाय ब्रेकवर होता काय, माणसें किती होतीं, हें शेजारीं बसणाऱ्यानें लिहावें. गाडी हांकणाऱ्यानें लिहूं नये!

दोष वाचण्याचें यंत्र, ज्याला स्कॅनर म्हणतात, तें जोडून संगणकांत नोंदलेले सांकेतिक आंकडे आधीं उतरून घ्यावे. ते पुसून टाकण्याची घाई पुष्कळांना असते, ती करूं देऊं नये. आणि आंकडा म्हणजे निकाल नव्हे. "पुढल्या डाव्या चाकाचा सेन्सर" असा आंकडा आला, तर त्याचा अर्थ त्या तारेवरून नीट बातमी आली नाहीं एवढाच. सेन्सर, बेअरिंग, तार, कनेक्टर यांपैकीं अपराधी कोण, तें पुढें शोधावयाचें असतें.

बॅटरी तर सर्वांच्या आधीं पहावी. रात्रभर विसावलेल्या चांगल्या बॅटरीचा दाब सुमारें १२.६ व्होल्ट असतो, इंजिन चालू असतां तो १४ च्या आसपास जातो. गाडी सुरू करतांना तो फार खालीं घसरला, तर एकामागून एक संगणक भलतीच तक्रार नोंदवितात आणि दुपारीं सर्व गप्प होतात.

तारांचा दोष ओळखणें हें खरें कसबाचें काम. कोंकणांतल्या एका पावसाळ्यांत कनेक्टरच्या आंत तांबें हिरवें होतें. मीटर लावून नुसती तार अखंड आहे काय एवढेंच पाहिलें, तर दहा धाग्यांपैकीं नऊ तुटलेली तारहि अखंडच दिसते, कारण मीटर तिच्यांतून नाममात्र वीज सोडतो. जेथें जाड तारा आहेत, म्हणजे कॉम्प्रेसरकडे जाणाऱ्या किंवा जमिनीच्या, तेथें काम चालू असतांना दोन टोंकांमधील व्होल्ट मोजावे. गळती तेथें उघडी पडते. बारीक तारा मात्र इंजिन चालू ठेवून, स्कॅनरवरचा आंकडा पाहत, हातानें हळूहळू हलवाव्या.

आतां हवेकडे वळूं. येथला लपंडाव निराळाच आहे. पिशवीचें रबर जेथें दुमडतें तेथें त्याला बारीक भेगा पडतात. गाडीच्या एका उंचीवर ती घडी मिटलेली राहते, दुसऱ्या उंचीवर भेग उघडते. म्हणून गाडी नेहमीच्या उंचीवर आठ दिवस ठणठणीत आणि उंच केली कीं तासाभरांत आजारी. थंडींत रबर ताठरतें, तेव्हां पहांटे गळती आणि दुपारीं बरें, असेंहि घडतें. थोडीशी गळती कॉम्प्रेसर मुकाट्यानें भरून काढतो. पण त्यासाठीं तो वारंवार चालतो, तापतो, आणि जळूं नये म्हणून आपोआप बंद पडतो. झाला दिवा चालू! अर्ध्या तासानें तो निवतो व पुन्हा कामाला लागतो, दिवा विझतो. मालकाला कॉम्प्रेसर बिघडल्याचें सांगण्यांत येतें, नवा बसतो, आणि गळती तशीच असल्यामुळें तोहि झिजतो. पिशवीच्या रोगासाठीं कॉम्प्रेसरवर केलेला हा खर्च पाहून वाईट वाटतें.

गळतें चाक कोणतें, हें ओळखण्यांतहि एक मेख आहे. उभ्या गाडीचा संगणक मधून मधून जागा होऊन उंची पाहतो, आणि एक कोपरा बसला असेल तर बाकीचे तीनहि त्याच्या पातळीला आणतो. सकाळीं चारहि सारखे बसलेले! म्हणून संध्याकाळीं सपाट जागीं गाडी उभी करून, पुस्तिकेंत पाहून त्या व्यवस्थेचा फ्यूज काढावा, आणि चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंतची उंची टेपनें मोजून चार आंकडे वहींत लिहावे. सकाळीं पुन्हा मोजावे. जो कोपरा उतरला तेथें साबणाचें पाणी लावून बुडबुडे पहावे. मात्र गाडीखालीं हात घालण्यापूर्वीं ती पोलादी घोड्यांवर टेकविलेली असलीच पाहिजे. हवेवर उभी असलेली गाडी कुणाला न विचारतां खालीं येऊं शकते, आणि ती दोन टनांहून जड असते.

येथवर जे दोष सांगितले ते गाडी स्वतः बोलून दाखविते. पण ब्रेकचा एक दोष असा आहे कीं तो येतो, जातो, आणि एकहि दिवा लावीत नाहीं. ब्रेकचें तेल हवेंतील ओलावा शोषून घेतें. डॉट ४ जातीचें नवें तेल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळूं नये असा नियम आहे; ओलावा मुरल्यावरची किमान मर्यादा १५५ अंशांची धरतात. भरलेली जड गाडी महाबळेश्वराहून आंबेनळी घाटानें पोलादपूरकडे उतरत आहे आणि चालकाचा पाय सारखा ब्रेकवर आहे, अशी कल्पना करा. चाकांपाशीं तेल उकळतें, त्याची वाफ होते, वाफ दबते, आणि पेडल कापसाच्या उशीसारखें खालीं जातें. खालीं पोंचून चहा घेईपर्यंत सर्व निवतें, पेडल पुन्हा कठीण! मेकॅनिकला कांहींच सांपडत नाहीं, स्कॅनर तर निर्दोष म्हणून शिक्का देतो. अशा वेळीं यंत्राच्या साक्षीपेक्षां आपल्या पायाची साक्ष मोठी मानावी, तेल बदलावें, आणि पुढें दर दोन वर्षांनीं बदलीत जावें. घाट उतरतांना गिअर खालचा ठेवावा म्हणजे इंजिनच गाडी आवरतें.

दिव्यांचा भेदहि घरांतल्या प्रत्येकाला ठाऊक असावा. घसरण थांबविणाऱ्या यंत्रणेचा पिवळा दिवा लागला, तर साधा ब्रेक बहुधा शाबूत असतो. हळू, अंतर राखून मुक्कामास जातां येतें. ब्रेकचा तांबडा दिवा लागला, किंवा पेडल नेहमीपेक्षां खोल गेलें, तर तेथेंच कडेला थांबावें, मग घरीं लग्न असो वा परीक्षा असो.

दुरुस्तीनंतरची परीक्षा वहींतल्या नोंदीप्रमाणें घ्यावी. दोष चार माणसें बसवून, पावसांत, डाव्या वळणावर येत होता, तर चार माणसें बसवून, पावसांत, त्याच वळणावर, रहदारी नसेल तेव्हां गाडी बेतानें हांकून पहावी. ऊन पडलेल्या अंगणांत दिवा लागला नाहीं एवढ्यावर बिल चुकतें करूं नये. आणि बदललेला जुना स्विच मागून घ्यावा. दोन्ही संपर्कांवर मीटर लावून तो बोटानें पन्नास वेळां दाबला, कीं त्यांतला एक केव्हां खोटें बोलतो तें घरच्या टेबलावरहि कळतें.